साखळी प्रेषण, मोटारसायकलीचे

मोटारसायकलीच्या दंतचक्र पेटीतून म्हणजे गिअरपेटीतून बाहेर पडणारी शक्ती मागील चाकापर्यंत नेणाऱ्या यंत्रणेस साखळी प्रेषण म्हणतात. दोन दंतुर चक्रे व त्यांवरून फिरणारी एक अखंड पोलादी साखळी असे तिचे तीन प्रमुख घटक होत. या चक्रांना कारागीर व वाहनधारक स्प्रॉकेट या नावानेच ओळखतात. साखळीला चेन आणि तिन्ही घटकांच्या संचाला चेनसेट म्हणण्याचा प्रघात आहे. ही यंत्रणा उघड्यावर असते, तिची झीज सतत होत असते आणि ती झीज बहुधा हळूहळू होत असल्याने चालकाच्या सहज लक्षात येत नाही. आवाज येणे, झटके बसणे, साखळी वारंवार ढिली पडणे किंवा दात्यांवरून निसटणे ही दोषाची ठळक लक्षणे होत. परंतु एकच लक्षण अनेक भिन्न कारणांनी उद्‌भवू शकते. त्यामुळे लक्षण दिसताच भाग बदलण्याऐवजी कारण निश्चित करणे आवश्यक ठरते. जुन्या वाहनांच्या बाबतीत याचे महत्त्व अधिक आहे. कारण त्यांचे काही सुटे भाग दुर्मिळ असतात आणि चुकीच्या निदानामुळे चांगला भाग टाकला जाऊन सदोष भाग वाहनात तसाच राहण्याचा संभव असतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांचा किनारा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. खारी हवा, चार महिन्यांचा जोरदार पाऊस, पुळणीवरील वाळू, जांभ्या दगडाची तांबडी धूळ आणि घाटरस्त्यांवरील चढउतार ही साखळीच्या ऱ्हासाची बहुतेक सर्व कारणे येथे एकत्र आढळतात.

ऐतिहासिक आढावा : लिओनार्दो दा व्हींची यांच्या टिपणवह्यांत साखळ्यांची रेखाटने आढळतात, तथापि शक्ती प्रेषणासाठी आज वापरली जाणारी बुश व रूळ असलेली साखळी हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टर येथे तयार करून १८८० मध्ये तिचे एकस्व (पेटंट) मिळविले. सुरुवातीच्या अनेक मोटारसायकलींत चामडी पट्टा वापरीत. तो पावसात भिजला की घसरत असे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत साखळीने पट्ट्याची जागा घेतली. भारतात १९५५ पासून मद्रास (आताचे चेन्नई) येथे एन्फील्ड बुलेट या मोटारसायकलीची जुळणी होऊ लागली. म्हैसूर येथे आयडियल जावा या कंपनीचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले. १९७३ पासून तिची वाहने येझदी या नावाने विकली जात आणि १९९६ मध्ये हा कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत ही ग्रामीण भागात विशेष प्रचलित होती. १९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १०० यांसारखी १०० घ. सेंमी. क्षमतेची हलकी वाहने बाजारात आली. या पिढ्यांतील वाहने अद्यापही अनेकांनी जतन करून वापरात ठेवली आहेत.

रचना व कार्य : साखळीत आतील व बाहेरील कड्या आळीपाळीने येतात. आतील कडीत दोन पट्ट्यांमध्ये दोन बुश घट्ट बसविलेले असतात आणि बुशांभोवती रूळ सैलपणे फिरतात. बाहेरील कडीच्या पट्ट्यांत दोन पिना पक्क्या बसविलेल्या असून त्या आतील कड्यांच्या बुशांतून आरपार जातात. साखळी स्प्रॉकेटवर वळते, तेव्हा पिन बुशाच्या आत थोडी फिरते व रूळ दात्यावर टेकतो. लगतच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंतील अंतरास अंतराल म्हणतात. १०० घ. सेंमी. वर्गातील बहुतेक वाहनांच्या साखळीचा अंतराल १/२ इंच म्हणजे १२.७० मिमी. असतो, तर बुलेटच्या मागील साखळीचा ५/८ इंच म्हणजे १५.८७५ मिमी. असतो.

पुढील लहान स्प्रॉकेट गिअरपेटीच्या दंडावर व मागील मोठे स्प्रॉकेट चाकाच्या तुंब्यावर बसविलेले असते. पुढील स्प्रॉकेटला १४ व मागील स्प्रॉकेटला ४२ दाते असल्यास पुढील चक्राच्या तीन फेऱ्यांत मागील चाकाचा एक फेरा होतो. साहजिकच पुढील प्रत्येक दात्याला मागील दात्याच्या तिप्पट वेळा रुळाला सामोरे जावे लागते व तो लवकर झिजतो. शिवाय साखळी चक्रावर वर्तुळाकार न बसता बहुभुजाकार बसत असल्याने तिचा वेग अगदी एकसारखा राहत नाही. १४ दात्यांच्या चक्रावर हा चढउतार सुमारे २.५ टक्के, तर ४२ दात्यांच्या चक्रावर केवळ ०.३ टक्क्याच्या आसपास असतो. दात्यांची संख्या फार कमी असलेले पुढील स्प्रॉकेट बसविल्यास वाहनाचा जोर वाढतो. पण कंप व झीजही वाढतात, ते यामुळेच. [→ दंतचक्र].

झिजेचे स्वरूप : ‘साखळी ताणली गेली’ असे सर्रास म्हटले जाते, परंतु पोलादी पट्ट्या सामान्य भाराखाली कायमच्या लांबत नाहीत. पिनेचा पृष्ठभाग व बुशाची आतील बाजू झिजून त्यांच्यात मोकळीक वाढते आणि तिची बेरीज होऊन साखळी लांब होते. १२.७० मिमी. अंतरालाच्या १०० कड्यांच्या साखळीत प्रत्येक सांध्याची झीज ०.१२७ मिमी. इतकी सूक्ष्म असली, तरी एकूण लांबी १२.७ मिमी. म्हणजे १ टक्का वाढते. ही वाढ सर्व कड्यांत सारखी विभागली जात नाही. आतील कडीतील दोन बुशांचे अंतर कायम राहते व बाहेरील कडीचा परिणामी अंतराल तेवढा वाढतो. त्यामुळे रूळ दात्यांच्या तळाशी न बसता उतारावर वर चढून बसतात. मग भार थोड्याच दात्यांवर येतो आणि ते दाते झिजून आकड्यासारखे वळतात. अशा दात्यांवर नवी साखळी चढविल्यास तिचे रूळ आकड्यांत अडकतात व तीही थोड्याच दिवसांत खराब होते. उलट, जुन्या साखळीखाली नवे स्प्रॉकेट बसविल्यास वाढलेल्या अंतरालामुळे नवे दाते लवकर झिजतात. चेनसेट एकत्र बदलावा या संकेतामागे हे कारण आहे. तथापि हा संकेत झिजेला लागू पडतो. साखळी केवळ कोरडी, मळकट किंवा तिरकी चालत असेल, तर संच बदलूनही मूळ दोष जात नाही.

किनारी हवामानाचा परिणाम : समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येऊन साखळीवर साचतात. नेहमीचे मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा शोषून विरघळू लागते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेतही ओलावा धरून ठेवते. त्यामुळे पाऊस नसतानाही धातूच्या पृष्ठभागावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर टिकून राहतो व गंज चालू राहतो. मासळीच्या पेट्या मागे बांधून गावोगाव विक्री करणाऱ्यांच्या वाहनांत बर्फाचे खारे पाणी थेट साखळीवर ठिबकते. अशा साखळ्या विशेष लवकर खराब होतात.

तारकर्ली, देवबाग येथील पुळणीची वाळू मुख्यतः क्वॉर्ट्‌झची असते. मोस मापक्रमात क्वॉर्ट्‌झची कठिनता ७ असल्याने तिचे कण कठीण केलेल्या पोलादालाही खरवडू शकतात. जांभ्याच्या धुळीत लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे असतात. साखळीवर जाड ग्रीज थापल्यास ही वाळू व धूळ त्यात रुतून घासण्याच्या लुकणासारखे मिश्रण तयार होते, मात्र ग्रीज पिनेपर्यंत पोहोचतच नाही. साखळी वरून तेलकट व आतून कोरडी, अशी अवस्था किनाऱ्यावर वारंवार आढळते.

या भागात निदानाची एक विशेष अडचण आहे. कोरड्या सांध्यातून घर्षण व गंज यांमुळे तांबूस पूड बाहेर येते आणि ते वंगण संपल्याचे महत्त्वाचे चिन्ह होय. पण जांभ्याची धूळही त्याच रंगाची असते. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी साखळी रॉकेलने धुऊन, पुसून व वाळवून प्रत्येक सांधा हाताने वाकवून पाहतात. धूळ बाहेरून बसलेली असल्याने ती धुतल्यावर जाते. पट्ट्यांच्या फटीतून पुन्हा तांबडी पूड निघाल्यास तो आतील गंज समजावा.

पावसाळ्यात पडवीत किंवा माळ्याखाली न वापरता ठेवलेले वाहन गणेश चतुर्थीच्या सुमारास पुन्हा रस्त्यावर काढण्याची अनेक घरांत रीत आहे. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी ते तयार केले जाते. अशा वाहनात स्प्रॉकेटवर महिनोन्‌महिने वळलेल्या अवस्थेत राहिलेले सांधे त्याच स्थितीत गंजून जखडलेले असतात. चालू केल्यावर जाणवणारे झटके झिजेचे नसून या जखडलेल्या कड्यांचे असू शकतात.

प्राथमिक परीक्षा : चालत्या वाहनाच्या आवाजावरून पहिले अनुमान करता येते. आवाज एंजिनाच्या गतीप्रमाणे बदलतो की वाहनाच्या वेगाप्रमाणे, हे प्रथम पाहावे. वाहन उभे असून गिअर न्यूट्रलमध्ये असतानाही खडखड येत असेल, तर मागील साखळीचा त्यात संबंध नाही. बुलेट, जावा व येझदी यांत एंजिनापासून क्लचपर्यंत आणखी एक साखळी झाकणाच्या आत असते. तिला प्राथमिक साखळी म्हणतात. ती ढिली झाल्यास असा आवाज येतो. १०० घ. सेंमी. वर्गातील वर उल्लेखिलेल्या जपानी पद्धतीच्या वाहनांत त्या जागी दंतचक्रे असल्याने हा प्रश्न उद्‌भवत नाही. वाहन वेगात असताना क्लच दाबून एंजिनाचा भार काढल्यावरही घरघर तशीच राहिली व वेगाबरोबर कमी झाली, तर चाकाच्या धारव्यांची (बेअरिंगची) तपासणी करावी.

चढावर साखळीची वरची बाजू ताणलेली व खालची सैल असते. उतारावर एंजिनाच्या साहाय्याने वेग रोखताना याच्या उलट स्थिती होते. म्हणून फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट उतरताना वरच्या बाजूने साखळी झाकणावर आपटल्याचा आवाज येत असेल, पण चढताना येत नसेल, तर साखळी प्रमाणाबाहेर ढिली असण्याचा संभव मोठा असतो. भार देताच साखळी ‘कट्‌कट्’ करीत दात्यांवरून उडी मारत असेल, तर झीज धोक्याच्या पातळीला पोहोचलेली असते व वाहन चालविणे थांबवावे लागते.

घट्ट जागेचे निदान : वाहन मेन स्टँडवर उभे करून, एंजिन बंद व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मागील चाक हाताने सावकाश फिरवतात आणि खालच्या बाजूच्या मध्यावर साखळीची वरखाली होणारी ढील ठिकठिकाणी मोजतात. हलक्या वाहनांत ही ढील सामान्यतः २० ते ३० मिमी. असावी लागते, त्या त्या वाहनाच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. ढील सर्वत्र सारखी नसून एखाद्या जागी साखळी घट्ट होत असेल, तर ती घट्ट जागा कितव्या फेऱ्याला परत येते, यावरून सदोष घटक ओळखता येतो. यासाठी टायरवर, मागील स्प्रॉकेटच्या एका दात्यावर व साखळीच्या एका कडीवर खडूने खुणा करतात.

उदाहरणार्थ, १४ व ४२ दात्यांची स्प्रॉकेटे आणि १०४ कड्यांची साखळी असल्यास चाकाच्या एका फेऱ्यात ४२ कड्या पुढे सरकतात. म्हणून साखळीचा पूर्ण फेरा होण्यास चाकाचे सुमारे अडीच फेरे लागतात. घट्ट जागा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, त्याच दात्यापाशी येत असेल, तर मागील स्प्रॉकेट मध्यापासून सरकलेले आहे किंवा त्याचा तुंबा वाकलेला आहे. ती सुमारे अडीच फेऱ्यांनी, त्याच कडीबरोबर येत असेल, तर साखळी असमान झिजली आहे किंवा तिच्या काही कड्या जखडल्या आहेत. चाकाच्या एका फेऱ्यात ती तीनदा येत असेल, तर पुढील स्प्रॉकेट किंवा गिअरपेटीचा दंड यांत दोष आहे. ही साधी परीक्षा कोणताही भाग न सोडविता करता येते. ती न करता साखळी सैल जागी ताणल्यास घट्ट जागेवर अतिरिक्त ताण येऊन गिअरपेटीच्या दंडाचा धारवा व चाकाचे धारवे खराब होतात. म्हणून ढील नेहमी सर्वांत घट्ट जागेवर मोजून ठरवितात. चालक बसल्यावर मागील चिमटा (चाक धरणारा झुलता सांगाडा) वर उचलला जातो आणि गिअरपेटीचा दंड, चिमट्याचा खिळा व चाकाचा आस एका रेषेत आले की साखळी सर्वांत जास्त ताणली जाते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

साखळीचे मापन : साखळी धुऊन, ताणून धरून एका पिनेच्या कडेपासून एकविसाव्या पिनेच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. यात २० अंतराल येतात. १२.७० मिमी. अंतरालाच्या नव्या साखळीत हे अंतर २५४.० मिमी. असते, १ टक्का झिजेनंतर ते सुमारे २५६.५ मिमी. व २ टक्के झिजेनंतर सुमारे २५९.१ मिमी. होते. १५.८७५ मिमी. अंतरालासाठी हेच आकडे अनुक्रमे ३१७.५, ३२०.७ व ३२३.९ मिमी. असे येतात. मोटारसायकलीसाठी १ ते २ टक्क्यांच्या दरम्यानची वाढ ही बदलाची मर्यादा सामान्यतः मानली जाते. मापन किमान तीन-चार ठिकाणी करून सर्वांत मोठा आकडा ग्राह्य धरतात, कारण किनाऱ्यावरील साखळी क्वचितच सर्वत्र सारखी झिजलेली असते.

मागील स्प्रॉकेटच्या पाठीमागच्या बाजूस साखळी बोटाने ओढून दाता किती उघडा पडतो हे पाहण्याची पद्धत कारागिरांत रूढ आहे. अर्धा दाता दिसल्यास संच झिजला, असा निष्कर्ष काढतात. ही परीक्षा त्वरित होते. परंतु तीत साखळी व दाते या दोहोंची झीज एकत्र दिसते आणि दोष नेमका कशात आहे हे कळत नाही. त्यामुळे तिचा उपयोग संशय घेण्यासाठी करावा, निर्णय मापनाने करावा. सोडविलेली साखळी आडवी धरल्यावर ती बाजूला कमानीसारखी झुकते. नव्या साखळीच्या मानाने हे झुकणे बरेच जास्त असल्यास पट्ट्यांच्या सांध्यांतही मोकळीक आल्याचे समजते. पट्ट्यांवर गंजाचे खोल खड्डे, तडे, किंवा रुळांवर भेगा आढळल्यास मापन मर्यादेत असले, तरी साखळी बाद करतात.

स्प्रॉकेटची तपासणी : पुढील स्प्रॉकेट साखळीला ओढते, म्हणून त्याच्या दात्याची फिरण्याच्या दिशेकडील बाजू झिजते. मागील स्प्रॉकेटला साखळी ओढते, म्हणून त्याच्या दात्याची विरुद्ध बाजू झिजते. दात्याच्या दोन बाजूंची तुलना केल्यास झिजेचा अंदाज येतो. टोके अणकुचीदार, एका बाजूस वळलेली किंवा आखूड झालेली दाते असलेले चक्र बदलावेच लागते. पुढील स्प्रॉकेट दंडावरील खाचांवर ढिले झाले असल्यास गिअर घालून चाक पुढेमागे हलविताना ते दंडावर डुगडुगते व खाचांशी तांबूस पूड दिसते. अशा वेळी स्प्रॉकेट घट्ट करणारी नटबोल्टे व अडकण-पट्टी तपासावीत. दंडाचे तेलरोधक झिजले असल्यास गिअरपेटीतील तेल झिरपून साखळी ओली दिसते. हा ओलेपणा वंगण घातल्याचे लक्षण नव्हे.

वाहनपरत्वे काही अडचणी संभवतात. जुन्या बुलेटमध्ये मागील दाते व ब्रेकचे ड्रम एकाच तुकड्यात असतात. त्यामुळे दाते झिजल्यास संपूर्ण ड्रम बदलावे लागते. पुढील स्प्रॉकेट क्लच व प्राथमिक साखळीच्या पेटीमागे दडलेले असल्याने ते काढण्यासाठी ही सर्व जुळणी सोडवावी लागते. हे काम वेळखाऊ असल्याने अनेकदा केवळ साखळी बदलून वाहन परत दिले जाते व न पाहिलेले झिजके स्प्रॉकेट नव्या साखळीचा नाश करीत राहते. जावा व सीडी १०० यांसारख्या वाहनांत साखळी पूर्ण बंदिस्त असते. त्यामुळे धूळ व वाळूपासून तिचे रक्षण होते, मात्र झाकणात शिरलेले पाणी साचून राहिल्यास आतील गंज बाहेरून दिसत नाही. झाकणाच्या तळाचे निचरा-छिद्र व रबरी बूच पावसाळ्यापूर्वी पाहणे हिताचे असते.

तिरकेपणा : दोन्ही स्प्रॉकेटे एका प्रतलात नसल्यास साखळी तिरकी चालते. दात्यांची एकच बगल चकाकणे व आतील पट्ट्यांच्या एकाच बाजूस ओरखडे दिसणे ही याची लक्षणे होत. आसाच्या दोन्ही टोकांना असलेल्या ॲडजस्टरवरील खुणा जुन्या वाहनात विश्वसनीय राहत नाहीत. अपघाताने सांगाडा किंवा चिमटा किंचित वाकलेला असू शकतो. म्हणून मागील टायरच्या दोन्ही बाजूंना दोरा लावून तो पुढील चाकापर्यंत ताणतात व दोन्हीकडील अंतरे समान आहेत का ते पाहतात. चाके रेषेत असूनही साखळी तिरकी चालत असल्यास चिमट्याचे बुश, चाकाचे धारवे व अंतर राखणाऱ्या नळ्यांची मांडणी तपासावी.

दोषाचा भास निर्माण करणारे इतर भाग : मागील तुंब्यात धक्के शोषण्यासाठी रबरी ठोकळे बसविलेले असतात. ते दबून किंवा कडक होऊन सैल पडले की वेग वाढविताना व कमी करताना ‘धप्’ असा आवाज व झटका येतो. साखळीची ढील योग्य असूनही गिअर घालून चाक हलविल्यावर स्प्रॉकेट तुंब्याच्या मानाने बरेच फिरत असेल, तर दोष ठोकळ्यांचा असतो. चिमट्याचे झिजलेले बुश, गिअरपेटीच्या दंडाची मोकळीक व कारब्युरेटरमधील बिघाडामुळे एंजिनाने मध्येच सोडलेली पकड यांमुळेही असेच झटके बसतात.

उपाय : निदानाप्रमाणे उपाय भिन्न असतो. जखडलेल्या पण मापात असलेल्या कड्या रॉकेलमध्ये भिजवून, वाकवून मोकळ्या करता येतात. त्यानंतर साखळी वाळवून पिन व बुश यांच्या फटीत पातळ वंगण मुरवावे. गिअरपेटीचे एस. ए. ई. ९० तेल यासाठी चालते. वाहन थोडे चालवून साखळी कोमट झाल्यावर तेल खालच्या बाजूवर आतून, पट्ट्यांच्या कडांना थेंबाथेंबाने घालावे व काही वेळाने बाहेरील जादा तेल पुसून काढावे. गंज काढण्यासाठी अम्ल वापरू नये. त्यातील हायड्रोजन कठीण पोलादात शिरून ते ठिसूळ होते व पट्टी अचानक तुटू शकते. रबरी वलये असलेल्या साखळीत आतील ग्रीज कारखान्यातच बंद केलेले असल्याने ती पेट्रोलने धुऊ नये. किनाऱ्यावर पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या भिजण्यानंतर गोड्या पाण्याने मीठ धुऊन, वाळवून वंगण घालणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपाय होय. साखळी जोडणाऱ्या कडीवरील स्प्रिंगची पट्टी, म्हणजे चेनलॉक, बसविताना तिचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेने असावे. उलट बसविल्यास ते सुटण्याचा धोका असतो.

सुरक्षितता : झिजलेली साखळी तुटल्यास मागील चाकाला मिळणारी शक्ती थांबते, इतकाच परिणाम होतो असे नाही. तुटलेले टोक पुढील स्प्रॉकेटभोवती गुंडाळले जाऊन गिअरपेटीचे कवच फुटू शकते किंवा मागील चाक जखडून वाहन कोसळू शकते. घाट उतरताना एंजिनाचा रोध एकाएकी नाहीसा होऊन सर्व भार ब्रेकांवर येतो. तपासणी करतानाही दक्षता आवश्यक आहे. एंजिन चालू ठेवून व गिअर घालून फिरत्या साखळीला तेल लावण्याची किंवा कापडाने पुसण्याची सवय अत्यंत घातक असून तीमुळे बोटे साखळी व दाते यांच्यामध्ये सापडून तुटण्याचे अपघात होतात. चाक नेहमी हातानेच फिरवावे. ढील, घट्ट जागा, मापन, दाते व रेष या क्रमाने केलेली तपासणी साध्या फूटपट्टीने, खडूने व दोऱ्याने पुरी होते. या क्रमाने गेल्यास कोणता भाग बदलावा आणि कोणता केवळ धुऊन, वंगण घालून पुन्हा वापरावा, हे वाहनधारकास स्वतःच ठरविता येते. [→ मोटारसायकल].